फिरकीचा तांब्या

अप्पांचं प्रेत आलं नाही. म्हणून भटजींनी सांगितलं, पळसाच्या पानांचा पुतळा करावा लागेल. तीनशे साठ पानं लागतात. डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि डोक्यासकट एकेका अवयवाला किती पानं लावायची ते त्यांच्या पोथीत ठरलेलं होतं. तो पुतळा म्हणजेच माणूस असं मानून त्याला अग्नी द्यायचा. दिवसही त्यांनीच काढून दिला, पितृपक्षातली चतुर्दशी. ती शस्त्राने मेलेल्यांची असते.

हे पंचावन्न सालचं. देश स्वतंत्र होऊन आठ वर्षं झाली होती, पण गोवा अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. त्या ऑगस्टात ठिकठिकाणची माणसं हातात काही न घेता सरहद्द ओलांडून आत गेली. निमगाव केतकीपासून दोन कोसांवर असलेल्या आमच्या गावातून तिघं गेले होते. माझे वडील सावळाराम, ज्यांना मी आणि निम्मं गाव अप्पा म्हणायचं. मेंढरं राखणारा बिरू. आणि तुकडीचे पुढारी मानसिंगराव. दोघं परत आले.

मी तेव्हा बारामतीत मुलींच्या शाळेत शिकवत होते. अप्पा जाणार म्हणून कळल्यावर मी एसटीने घरी आले आणि त्यांच्याशी वाद घातला. तालुक्यात तेव्हा दोन गट होते, एक मानसिंगरावांचा आणि एक इंदापूरच्या हिंदुरावांचा. दोघांनीही गोव्याला आपापली तुकडी काढली होती. मी अप्पांना म्हटलं, "ह्यांना गोवा नकोय. पुढच्या निवडणुकीत कोण आधी तुरुंगात गेला होता ते सांगायला पाहिजे, एवढंच."

अप्पा तंबाखूला चुना लावत होते. म्हणाले, "माले, झेंडा त्येंचा आसंल. देश काय त्येंच्या एकट्याचा हाय व्हय?"

देशोदेशीच्या स्वातंत्र्याचे इतिहास मी वाचले होते. मी त्यांची पिशवी भरायला घेतली.

आईने त्यांना वाटेसाठी आपल्या लग्नातला पितळी तांब्या दिला. फिरकीचं झाकण असलेला, तिरका झाला तरी पाणी न सांडणारा. त्याच्या पोटावर ठोकून काढलेली अक्षरं होती: सौ. प्रयागबाई सावळाराम. खाली गावाचं नाव. आईला वाचता येत नाही, पण कुठलं अक्षर कुठे आहे ते तिला बोटाने माहीत होतं.

परत आल्यावर मानसिंगरावांनी निमगावच्या आठवडी बाजारात, चिंचेखाली बैलगाडीवर उभं राहून हकीकत सांगितली. मग दर बाजाराला सांगू लागले. वाट दाखवायला एक गोव्याचा किरिस्ताव दिला होता. त्याने तुकडीला पोलिसांच्या तोंडी नेऊन विकलं. सावळाराम गोळी लागून मानसिंगरावांच्या मांडीवर पडला, आणि त्यांच्या हातचं गंगाजल पिऊन गेला. लोक डोळे पुसायचे. मीही एकदा पुसले.

चौथ्या बाजाराला हकिकतीला शेपूट फुटलं. "त्येचंच धर्मभाऊ आपल्या गावात हायत," मानसिंगराव म्हणाले. "आन पाणी कुणाच्या हिरीचं पित्यात? सावळारामाच्या."

ओढ्यापलीकडे नऊ घरांची ख्रिस्ती वस्ती होती. ह्यांचे आजे-पणजे एका दुष्काळात पाद्र्यांकडे गेले होते. गोवा कुठे आहे हे त्यांना माझ्याइतकंही माहीत नसेल. गावच्या आडावर त्यांना कधीच घेतलं नव्हतं. ते आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या थारोळ्यात पाणी भरायचे. मोट जिथे रिकामी होते ती दगडी जागा. अप्पांनी ती वाट मोकळी ठेवली होती. आता ठरलं होतं असं की चतुर्दशीला पुतळ्याला अग्नी दिला की तिथेच गावाने शपथ घ्यायची आणि ती वाट बंद करायची. अप्पांच्या नावाने.

विहीर अप्पांची आणि माझे चुलते संभाजीतात्या यांची, निम्मी-निम्मी. तात्यांनी होकार देऊन टाकला होता. त्यांना सरपंच करायचं मानसिंगरावांनी कबूल केलं होतं, हे मला मागाहून कळलं असं म्हणता येणार नाही. मला तेव्हाच माहीत होतं.

चतुर्दशीला दोन दिवस असताना दुपारी एक माणूस आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. पस्तिशीचा, काळासावळा, पायात काही नाही, गळ्यात काळ्या दोऱ्याला लहानसा क्रूस. त्याने पिशवीतून तांब्या काढला आणि त्यावरची अक्षरं वाचून विचारलं, "प्रयागबाई हय राहतात?"

आई जात्यापाशी बसली होती. ती उठली नाही. हात तेवढा पुढे केला.

त्याचं नाव इनास. मानसिंगराव बाजारात ज्याच्याविषयी बोलत होते तो वाटाड्या. पोलिसांनी त्याचं घर उकरलं, म्हणून पळून सरहद्दीलगतच्या बांद्याच्या छावणीत आला होता. शाळेत शिकलेल्या मराठीत, शब्द चाचपत, त्याने जे सांगितलं ते मी आहे तसं लिहिते.

"रातभर पाऊस. सकाळी अकरा जण माझ्या घरापाशी आले. मी म्हटलं, घरात बसा. पोलिसांची गाडी ह्या रस्त्याने सकाळी दोनदा जाते. इगर्जीची, आमच्या चर्चची, बाराची घंटा झाली की ते जेवायला जातात, मग मी नेतो. तुमचे पुढारी म्हणाले, किरिस्तावाच्या घरात पाय ठेवणार नाही. डुकराचं शिजतं तिथलं पाणी पिणार नाही. सगळे फणसाखाली पावसात उभे राहिले. एकटे सावळारामबाब पायऱ्या चढून आले. पायाला जळवा लागल्या होत्या. माझ्या आईने मीठ लावून काढल्या. पेज दिली."

"खाल्ली त्येंनी?" आईने विचारलं.

"दोन वाट्या."

"संगती काय हुतं?"

"खारातला आंबा."

"मग खाल्ली आसंल," आई म्हणाली.

 इनास माझ्याकडे बघून पुढे बोलला. "तेवढ्यात खबर आली की दुसऱ्या पक्षाची तुकडी पलीकडच्या वाटेने गेली, ते आधी झेंडा लावतील. तुमचे पुढारी म्हणाले, चला. मी पाय धरले, बाय. म्हटलं, घंटा होऊ द्या. ऐकलं नाही. सावळारामबाबांनी पडवीतून बघितलं. म्हणाले, पोरं हायत, माघारी आणतो. तांब्या तसाच ठेवून धावले."

गोळ्यांचा आवाज झाल्यावर बाकीचे पळाले. इनास तांब्या भरून घेऊन गेला. अप्पा शेताच्या बांधाला टेकून पडले होते, शुद्धीवर होते. त्यांनी पाणी मागितलं.

"मी विचारलं, माझ्या हातचं चालेल? तर हसले. म्हणाले, सकाळी पेज चालली की."

संध्याकाळी पोलीस येऊन प्रेत घेऊन गेले. कुठे नेलं ते त्यालाही कळलं नाही.

आईने तांब्याची फिरकी उघडली, आत बघितलं, परत लावली. मग इनासला म्हणाली, "हात-पाय धू. भाकर टाकते."

तात्या तेवढ्यात आलेच. गावात बातमी आमच्या घराआधी पोचते. सोप्यात जेवायला बसलेल्या इनासकडे न बघता ते आईला म्हणाले, "वैनी, किरिस्ताव हितं जेवला तर मी पुतळ्याला हात लावायचा न्हाय."

"आता निम्मं जेवून झालंय त्येचं," आई म्हणाली. "उठवू व्हय?"

तात्या मला म्हणाले, "माले, तू शिकल्याली हाइस. गाव येका बाजूला आन तुमी दोघी बाया येका बाजूला, कसं व्हायचं?"

"तात्या, अप्पांचं शेवटचं काय झालं ते ऐकायचंय का तुमाला?"

"मानसिंगरावांनी सांगितलंय."

"मानसिंगराव तितं न्हवतं."

ते उंबऱ्यावर क्षणभर थांबले. त्यांच्या अप्पांसारख्याच चेहऱ्यावर मला काहीतरी हललेलं दिसलं, पण त्यांनी पायतण घातलं आणि गेले. अप्पांवर त्यांचा जीव होता. कधीकधी तेवढं पुरत नाही.

दुसऱ्या दिवशी हिंदुराव जीप घेऊन आले. चहाचा कप हातात घेतला, आईशी दोन शब्द नीट बोलले, मग मला बाजूला घेतलं. "बाई, तो माणूस आमच्या ताब्यात द्या. इंदापूरच्या सभेत उभा करतो. मानसिंग पुन्हा डोकं वर काढायचा नाही. उद्या पुतळ्यावर आमचा झेंडा तेवढा घाला. विहिरीचं माझ्यावर सोडा."

"तुमच्या तुकडीलाही असाच वाटाड्या होता ना?"

"होता की. भला माणूस."

"त्याच्या घरी पाणी प्यालात?"

हिंदुरावांनी घड्याळात बघितलं. "पद्धत म्हणून एक असते, बाई."

"मग तुमच्यात नि त्यांच्यात झेंड्याच्या रंगाचाच फरक राहिला," मी म्हटलं. त्यांनी चहा मात्र संपवला. जाताना म्हणाले, "सावळाराम कुणाचा होता ते उद्या गाव ठरवेल."

मी त्या दिवशी बिरूकडे गेले. तो मेंढरांच्या वाड्यात कोकराला चारत होता. मी विचारलं, त्याने दुसरं कोकरू ओढून घेतलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, "मालाताई, मेंढरं मानसिंगरावांच्या रानात बसत्यात." मी परत आले. त्याला दोष द्यायला मला जमलं नाही. मलाही शाळेतली नोकरी होती, आणि शाळेच्या मंडळावर कोण होतं हे सांगायची गरज नाही.

चतुर्दशीला सकाळी विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत गाव जमलं. पानं दगडाबाईने आणली होती. ती ख्रिस्ती वस्तीतली सुईण. माझा जन्म तिच्या हातचा. वस्तीतल्या बाया पळसाच्या पत्रावळी लावून पोट भरायच्या, तेव्हा एवढी पानं दुसऱ्या कुणाकडे असणार. ती पाटी लांब ठेवून ओढ्याच्या कडेला उभी राहिली. मी एकेक पान मोजून भटजींना देत होते. डोक्याला चाळीस, गळ्याला दहा. भटजी ती लोकरीच्या धाग्याने गुंडाळत होते. हातांची पानं लावताना मला अप्पांची मनगटं आठवली, कासरा धरून रुंद झालेली, आणि मी मोजणी चुकले. पुन्हा पहिल्यापासून मोजली.

मानसिंगराव पांढऱ्या कपड्यांत पुढे बसले होते, मांडीवर घडी केलेला झेंडा. हिंदुरावांची चार माणसं दुसऱ्या बाजूला, त्यांच्याजवळ दुसरा झेंडा. मधे माझे वडील, तीनशे साठ पानांचे.

"पानं कुणी आणली?" मानसिंगरावांनी विचारलं.

"दगडाबाईनं," मी म्हटलं.

"भटजी, बदला."

भटजींनी मान वर केली नाही. "पानाला दोष नसतो. आणि आता आणखी कुठून आणू?"

"मानसिंगराव, तुमच्या लेकीच्या लग्नात ह्येंच्याच पत्रावळी हुत्या," मागून कुणी बाई बोलली. "तवा न्हाय बाटला कुणी." चार जणी पदराआड हसल्या. मानसिंगरावही हसले. त्यांना हसता येतं, म्हणून तर लोक त्यांच्यामागे जातात.

पुतळा पुरा झाला. त्यावर पीठ लावलं, अप्पांचं धोतर पांघरलं. भटजी म्हणाले, "आता यात प्राण आहे असं मानायचं. तोंडी शेवटचं पाणी घाला."

तात्या कर्ते म्हणून पुढे झाले. मानसिंगरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "संभाजीराव, शेवटचं पाणी माझ्या हातनं गेलं हुतं. ते मीच घालतो."

ते उठले. हातात गंगेची कुपी होती. मीही उठले. 

"ज्यानं पाजलं त्यानंच घालावं," मी म्हटलं. "तो हितंच हाय."

इनास विहिरीच्या धावेवर, बैल मोट ओढतात त्या उतारावर, चाकाजवळ उभा होता. सगळ्या माना तिकडे वळल्या. आईने पदराखालून तांब्या काढला. मी सांगितलं, अप्पांनी कुणाच्या घरची पेज खाल्ली, बाकीचे दहा जण कशासाठी पावसात उभे राहिले, कुणाला आधी पोचायचं होतं, आणि अप्पा माघारी कुणाला आणायला गेले. फार बोलले नाही. मुलींना धडा समजावते तेवढंच.

"खोटं," मानसिंगराव शांतपणे म्हणाले. "किरिस्तावानं बाईमाणसाच्या डोक्यात भरवलंय. तांब्या काय, मढ्याजवळनं चोरला आसंल."

"चोरलेला तांब्या दीडशे कोसांवर परत आणून द्यायला कुणी येतं?" मी विचारलं.

"पैसं मागाय आला आसंल."

"अजून मागितलं न्हाईत," आई म्हणाली.

कुणीतरी ओरडलं, हाकला त्याला. दोघं-तिघं धावेकडे निघाले. तेव्हा बिरू उठला. तो सगळ्यात मागे, घोंगडी पांघरून बसला होता.

"मला बी तहान लागली हुती," तो म्हणाला. इतक्या हळू, की पुढच्यांना मागच्यांनी सांगावं लागलं. "ह्यो माणूस तांब्या घिऊन फणसाखाली आला हुता. मी प्यालो न्हाय. भ्यालो. पोलिसास्नी न्हाय, मानसिंगरावास्नी. अप्पा पडलं तवा आमी ओढा वलांडला हुता. मांडी कुणाचीच न्हवती."



मानसिंगरावांनी झेंड्याची घडी काखेत घेतली. "संभाजीराव, किरिस्तावाच्या हातचं पाणी ह्या पुतळ्याच्या तोंडी गेलं तर गावातला येक खांदा लागायचा न्हाय. काय ते ठरवा."

तात्या आईकडे बघत होते. आई इनासकडे गेली आणि तांब्या त्याच्या हातात दिला. त्याने थारोळ्यातून तो भरला, पुतळ्याजवळ गुडघे टेकले, आणि नारळाखाली, जिथे तोंड असायला हवं तिथे, पाण्याची धार सोडली. भटजींनी मंत्र म्हटला. त्यांनी मधे थांबून कुणाकडे बघितलं नाही, एवढं मला त्यांच्याविषयी कायम सांगावंसं वाटतं.

मानसिंगराव निघाले. त्यांच्यामागे अर्धं गाव. हिंदुरावांच्या माणसांनी आपला झेंडा उलगडला आणि पुढे आले. मी आडवी झाले. "तुमचाही नको," म्हटलं. मग तेही गेले.

उरलो आम्ही थोडे. पण पानांना वजन किती असणार? चौघांचीही गरज नव्हती. पुढे मी आणि बिरू, मागे इनास आणि दगडाबाई. बाईने खांदा देऊ नये असं कुणी म्हणालं नाही; म्हणणारे निघून गेले होते. तात्या हातात मडकं घेऊन पुढे चालले, आणि अग्नी त्यांनीच दिला, तोंड फिरवून. पळसाची पानं भरभर जळतात. अप्पा इतक्या लवकर संपतील असं मला वाटलं नव्हतं.

परतताना तात्या विहिरीपाशी थांबले. "भाऊ म्हणून जे करायचं ते केलं," ते म्हणाले. "आता गावाचं करतो. ही वाट बंद. हिरीत माझा निम्मा हिस्सा हाय."

"हाय की," मी म्हटलं. "तुमच्या निम्म्यातलं पाणी बंद करा. आमच्या निम्म्यातलं आमी देणार. कुठनं कापायचं तेवढं दाखवा."



दुसऱ्या दिवशी सकाळी थारोळ्याच्या वाटेवर बोराटीच्या काटेरी फांद्या पडलेल्या होत्या. आईने काठीने त्या बाजूला केल्या आणि दगडाबाईला हाक मारली. तिसऱ्या दिवशी पुन्हा फांद्या. आईने पुन्हा काढल्या. इनास आठ दिवसांनी बांद्याला गेला. आईने त्याच्यासोबत त्याच्या आईला लुगडं पाठवलं. मला शाळेतून एका ओळीचं पत्र आलं. आता मी दुसऱ्या शाळेत शिकवते. तात्या सरपंच झाले. मानसिंगराव बाजारात अजून गोव्यावर बोलतात, पण मांडी आणि गंगाजल ते आता सांगत नाहीत. बिरूची मेंढरं आमच्या रानात बसतात.

आईने तो तांब्या साखळीने थारोळ्याशेजारच्या खुंटाला बांधला, येणाऱ्या-जाणाऱ्याला प्यायला. त्या दिवाळीत कुणीतरी साखळी तोडून तो विहिरीत टाकला. बिरूने बुडी मारून वर काढला. पोटाला मोठा पोचा पडला होता. मी म्हटलं, कासाराकडे देऊन ठोकून आणते.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "पाणी गळत न्हाय." तिने अक्षरांवरून बोट फिरवलं, सगळी जागेवर आहेत का बघितलं, आणि नवी साखळी लावली. आधीपेक्षा जाड.

ह्याला तीन वर्षं झाली. गोवा अजून पोर्तुगीजांकडे आहे. फांद्या अजून पडतात, रोज नाही, अधूनमधून. सुट्टीत मी घरी असले की त्या मी काढते.